सकाळी अकरा वाजता सॅटिन

ताई, नमस्कार. मी मालवण तालुक्यात राहते, वय एकोणचाळीस. घरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यांचं जेवणखाण मी बघते. मागच्या दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेले होते, तेव्हा एक स्कर्ट घेतला. तांब्याच्या रंगाचा, सॅटिनचा, बारीक चुण्यांचा, घोट्यापर्यंत येणारा. दुकानातल्या आरशात स्वतःला बघून खूप बरं वाटलं होतं. घरी आल्यावर एकदा सकाळी बाजाराला जाताना घातला. अंगणातच जाऊबाई म्हणाल्या, ‘काय गो, सकाळीच दशावतारात काम करूक चललंस?’ सगळे हसले. मी आत गेले, गाऊनवर ओढणी घेतली आणि बाजाराला गेले. तेव्हापासून स्कर्ट कपाटात आहे. चमकणारे कपडे दिवसा घालू नयेत असा खरंच काही नियम आहे का? की माझ्या वयाला, आमच्या गावाला ते शोभत नाहीत? पुढच्या आठवड्यात मुलीच्या शाळेत सकाळी अकरा वाजता पालकसभा आहे. घालू का?

— एक वाचक, मालवण तालुका


घाला.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. स्कर्टचं वर्णन तुम्ही किती मन लावून केलंय, आणि गाऊनवर ओढणी घेतल्याचं मात्र अर्ध्या ओळीत उरकलंय. त्या अर्ध्या ओळीपाशी मी थांबले. गाऊनवर ओढणी घेऊन बाजार आपण सगळ्याच करतो, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्या सकाळी काहीतरी वेगळं घालावंसं वाटलं होतं, त्याच सकाळी परत आत जाऊन तो गाऊन चढवावा लागणं निराळं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नियमाचं. चमकणारं कापड दिवेलागणीनंतरचं, असा नियम आपल्याकडे होता कधी? आपल्या लग्नांचे मुहूर्त बहुतेक दिवसाचे. मे महिन्यात दुपारी साडेबाराला अक्षता पडतात तेव्हा मांडवात निम्म्या बायका पैठणी नाहीतर शालू नेसून घामानं निथळत असतात आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही. गौरी आल्या की सकाळपासून काठापदराच्या साडीत आपण नारळ खवतो. आणि तुमच्या मालवणच्याच किनाऱ्यावर होड्या लागतात तेव्हा मासळी घ्यायला आलेल्या गाबीत बायका आठवा. नायलॉनच्या साड्या, गडद गुलाबी, पोपटी, उन्हात चकाकणाऱ्या. गळ्यात सोनं, केसांत अबोलीचा वळेसर. वर हर्णे बंदरावर लिलावाच्या वेळी गेलात तरी हेच दिसेल. ती चकाकी निव्वळ हौसेची नाही. नायलॉन पाणी फारसं पीत नाही, माशाचं खवलं त्याला धरून बसत नाही, आणि धुतलं की पावसाळ्यातही पडवीत बघता बघता सुकतं. त्या बायकांना दशावतारात चाललात का म्हणून कुणी विचारत नाही.

मग अडतं कुठे? आपण चमक चालवून घेतो ती सणाची, लग्नाची, नाहीतर धंद्याची. जाऊबाईंनी नाव दशावताराचं घेतलं, पण विचारलं एवढंच, की आज काय आहे? तुमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या दिवशी काहीच नव्हतं. साधा बाजार होता. मला विचाराल तर साध्या बाजाराला चांगलं कापड घालायला दुसरं काही असावं लागत नाही. या मतावर मी ठाम आहे.

तरी दशावताराची गोष्ट लगेच सोडून देऊ नका, तिच्यात कामाचं काहीतरी आहे. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. लहानपणी दहीकाल्याच्या, म्हणजे जत्रेतल्या रात्रभराच्या दशावतारी नाटकाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलं देवळाकडे धावायचो. रात्रभर ज्या राजानं आमचे डोळे दिपवले, त्याचा अंगरखा देवळाच्या मागे दोरीवर वाळत असायचा. घामानं भिजलेला, जर काळपट, टिकल्या राखाडी. मध्येच एखादी टिकली डोळ्यात घुसेल अशी लखकन चमकायची आणि बाकीच्या तशाच मढ्यासारख्या. मला रडू यायचं. कुणीतरी रात्री आपल्याला फसवलं असं वाटायचं.

पुष्कळ वर्षांनी शिवणकामाला लागले तेव्हा कळलं, की कापडात खोट नव्हतीच. तो अंगरखा गॅसबत्तीसाठी बेतलेला होता. रात्री उजेड समोरून, एका जागेवरून येतो आणि भोवती काळोख असतो. नट जरा हलला की टिकल्या पाळीपाळीनं पेटतात. दिवसा उजेड चहूकडून असतो आणि भोवतालचं सगळंच उजळ असतं. टिकली म्हणजे एक चिमुकला सपाट आरसा. जिचा कोन सूर्याशी जुळला ती डोळ्यात जाते, बाकीच्या समोर जे असेल ते दाखवत बसतात. म्हणून टिकल्यांचा टॉप घालून भर उन्हात फेरीबोटीवर उभं राहायचं असेल तर मी नको म्हणेन. तिथे जाऊबाईंचं म्हणणं खरं ठरेल. शिवाय वाळूत टिकल्यांची रया जाते आणि काखेत त्या टोचतात ते वेगळंच.

सॅटिनचं तसं नाही. सॅटिन हे धाग्याचं नाव नव्हे, विणीचं आहे. साध्या विणीत उभा धागा एका आडव्या धाग्यावरून जातो आणि पुढच्याच्या खालून. सॅटिनमध्ये तो चार किंवा त्याहून जास्त धाग्यांवरून सलग जातो आणि मग एकाखाली बुडी मारतो. त्यामुळे कापडाच्या एका अंगाला लांब लांब मोकळे धागे शेजारी शेजारी पडून राहतात आणि उजेड त्यांच्यावरून एकसारखा घसरतो. ही चमक ठिपक्यांत फुटत नाही. ती घडीबरोबर वाहते, ओल्या बांगड्याच्या पाठीवर वाहते तशी. या नावाचं मूळसुद्धा एका बंदराच्या नावात आहे असं मानतात: चीनमधलं छ्वानचौ, ज्याला अरब व्यापारी झैतून म्हणत. आणि आपल्या किनाऱ्यावर चौल पोर्तुगीजांच्या काळात रेशमी कापडासाठी नावाजलेलं होतं. तेव्हा ‘आमच्या गावाला शोभत नाही’ ही शंका तुम्ही मनातून काढून टाका. असलं कापड या किनाऱ्यानं फार पूर्वी पाहिलेलं आहे.

आता तुमच्या स्कर्टकडे वळू. तो अंगावरून सरळ खाली लोंबतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की उजेड चुण्यांना वरून चाटत जमिनीकडे निघून जातो, समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत थोडाच पोचतो. म्हणजे दुपारी बाराला तुमचा स्कर्ट जितका शांत दिसेल तितका सकाळी साडेसातला दिसणार नाही, आणि संध्याकाळी सहाला तर नाहीच नाही. आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळचं ऊन समुद्रावरून आडवं येतं, पाण्यावरूनही उसळतं. त्या वेळी तारकर्लीच्या वाळूत तो स्कर्ट पेटल्यासारखा दिसेल. तसं दिसावंसं वाटेल त्या दिवशी जरूर जा, पण भर दुपारची धास्ती बाळगू नका. जाऊबाईंसमोर तुम्ही आलात तीही बाजाराला निघायची वेळ होती, ऊन अंगणात तिरपं असणार. त्यांना स्कर्ट दिसला तो त्याच्या सगळ्यात चकचकीत अवतारात.

सॅटिनचा टॉप असता तर मी हे सांगितलं नसतं. खांदे, छाती आणि पोट वरून येणारा उजेड झेलतात, डोक्यावरच्या उन्हात तिथे पांढरे पट्टे उठतात आणि घामाचा डागही नेमका तिथेच पडतो. दिवसा चमक कमरेखाली असलेली बरी. तुम्ही नकळत बरोबर वस्तू निवडली आहे.

आणि पालकसभा आहे जुलैत! याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही. पावसाळ्यात उजेड एका ठिकाणाहून येत नाही, अख्ख्या आभाळातून झिरपतो. फोटोग्राफर नवऱ्या मुलीच्या तोंडावर पांढरी छत्री धरून जो मऊ उजेड मुद्दाम तयार करतात, तो आपल्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुकट मिळतो. अशा उजेडात सॅटिनवर कवडसे पडत नाहीत, सगळ्या कापडाला सारखी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक येते. आपण मात्र ‘पावसात कुठे चांगलं घालायचं’ म्हणून याच चार महिन्यांत सगळं चांगलं कुलपात ठेवतो. चिखलाची काळजी मला कळते, तिच्याकडे येतेच. पण माडांच्या सावलीत, भिजल्या हिरव्यावर तांबूस सॅटिन कसं दिसतं हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. एवढ्यासाठी तरी तो कपाटातून बाहेर काढा.

खरी अडचण घामाची आहे. तुमच्या स्कर्टच्या बारीक चुण्या धुतल्यावरही तशाच राहत असतील तर तो जवळपास नक्कीच पॉलिएस्टरचा. पॉलिएस्टर उष्णतेनं मऊ होतं, गरम असताना पाडलेली चुणी गार झाल्यावर कायमची बसते. सुती कापडात अशी चुणी पहिल्या धुण्यात जाते. खात्री करायची असेल तर आतल्या शिवणीपाशी कापडाचाच (शिलाईचा नव्हे) एखादा धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सूत किंवा व्हिस्कोस. ठरावीक तापमानाला आणि दमटपणात मोजलं तर सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के धरतो, रेशीम ११ टक्के, आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. आता विचार करा, मालवणच्या हवेत त्या ०.४ टक्क्यांनी काय होणार? पुण्याच्या दुकानात दिवाळीच्या कोरड्या हवेत तो पायांभोवती झुळझुळला, इथे तो मांड्यांना चिकटेल. चिकटला की माणूस सारखं ओढून नीट करत राहतं, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत कपड्याआधी ती चुळबुळ भरते. मला तर वाटतं, चमकत्या कपड्यात बाई अवघडलेली दिसते त्यामागे चमक थोडी आणि घाम जास्त असतो.

यावर उपाय सोपा आहे. दोन मीटर मलमल आणा, आधी धुऊन वाळवून आटवून घ्या आणि गावातल्या शिंपीणबाईंकडून एक परकर शिवून घ्या. साडीचा जाड, नाडीचा परकर नको, तो कमरेशी फुगतो. रबर घातलेला, खाली किंचित पसरट, स्कर्टपेक्षा चार बोटं आखूड असा सांगा. रंग बदामी किंवा विटकरी. पांढरा परकर चुण्यांतून खाली डोकावतो. हा परकर घाम पिईल आणि वरचं सॅटिन मोकळं राहील. तासाभराचं काम आहे, सभेच्या आत सहज होईल.

पुढे कधी असं काही घ्यायचं झालं तर मशरू शोधा. माझं अतिशय लाडकं कापड आहे. गुजरातेत पाटणला विणतात, वीण सॅटिनचीच, पण उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा. त्यामुळे चमक सगळी बाहेर आणि अंगाला लागतं ते सूत. मुसलमान पुरुषांना धर्मानं रेशीम अंगाला लावायची मनाई होती, त्यातून ही युक्ती निघाली. नावाचा अर्थच ‘धर्माला मान्य असलेलं’ असा आहे. आता रेशमाऐवजी बहुधा रेयॉन असतं, म्हणून किंमतही आवाक्यात येते. आपल्या हवेसाठी याहून शहाणं कापड मला माहीत नाही. नाहीतर माहेश्वरी: उभं रेशीम, आडवं सूत, वजनाला काहीच नाही. त्याचा साधा कुर्ता सकाळच्या कामातही शोभतो.

बरोबर काय घालायचं? चमकणाऱ्या कापडाला सोबत खरखरीत द्यावी. धुऊन धुऊन मऊ पडलेला नवऱ्याचा पांढरा सुती शर्ट असेल तर तोच घ्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडा, पुढचं टोक कमरेत खोचा, मागचं मोकळं सोडा. किंवा निळीच्या रंगाचा आखूड खादीचा कुर्ता. तांबूस आणि निळा हे एकमेकांना फार खुलवतात. मंगळसूत्र आणि हिरव्या काचेच्या बांगड्या अंगावर असतीलच, त्यांची चमक पुरेशी झाली. खड्यांच्या चपला, चंदेरी पर्स, जाळीची ओढणी यांना त्या दिवशी सुट्टी. कोल्हापुरी चपलांचाही मोह नको, पावसात चामडं फुगतं. रोजच्या रबरी सँडल चालतील, स्वच्छ धुऊन घ्या.

रंगाबद्दल एक सांगायचं राहिलं. तुम्ही चंदेरी स्कर्ट घेतला असता तर मी जरा सांभाळून बोलले असते, पांढऱ्या वाळूवर आणि उन्हात चंदेरी रंग कठोर दिसतो. तांबूस मात्र आपल्या मातीतला. जांभ्याच्या भिंती, ओल्या वाटा, परसातला पाणी तापवायचा बंब, सगळीकडे तो आहेच. नजर त्याला दचकत नाही.

पण तीच माती कपड्याची शत्रू. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या गंजाचा, सॅटिनवर तो वाळला की सहज निघत नाही. घोट्यापर्यंतचा स्कर्ट जुलैत चार बोटं वर घ्याच. आणि एक लक्षात ठेवा, चुण्यांचा स्कर्ट खालून दुमडून शिवला की चुण्या पसरतात आणि कड फुलून बसते. तो कमरेकडून आखूड करायचा असतो. शिंपीणबाईंना आवर्जून सांगा, घाईत त्या खालूनच उचलतील. स्कूटरवर मागे बसलात तर घेर पायाखाली आवळून धरा. जांभ्याच्या गडग्यावर टेकू नका. मघाशी म्हटलं ते लांब मोकळे धागे खडबडीत चिऱ्याला लगेच अडकतात. एखादा ओढला गेलाच तर कापू नका, सुईनं आतल्या बाजूला घ्या.

इतके महिने तो कपाटात होता म्हणता, तर आधी हुंगून बघा. आपल्या कपाटांत जूनपासून बुरशीचा वास धरतो. प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर पिशवी टाकून द्या. उलटा करून साध्या पाण्यात हलक्या साबणानं धुवा, न पिळता पडवीत टांगा, आणि इस्त्री करायचीच तर उलट्या अंगानं, अगदी कोमट. पॉलिएस्टर वितळायला वेळ लागत नाही.

वयाचं विचारलंत. माझी आत्या सत्तरी ओलांडल्यावर मोरपंखी धूपछांव साडी नेसून सकाळच्या एसटीनं रत्नागिरीला दातांच्या डॉक्टरकडे जायची. उभा धागा निळा, आडवा हिरवा. ती खिडकीशी बसली की वळणावळणाला साडीचा रंग बदलायचा. समोरच्या सीटवर बसून तो बघत राहणं हा माझ्या लहानपणातला मोठा आनंद होता. तुमची मुलगी सभेत तुमच्या शेजारी बसणार आहे, हे मनात असू द्या.

जाऊबाईंचा राग मात्र धरू नका. एकाच अंगणात राहायचं आहे, आणि डोळ्याला सवय नसलेली गोष्ट पहिल्यांदा दिसली की तोंडातून काहीतरी निघून जातं. सभेच्या दिवशीही त्या अंगणात असतीलच. ‘खंय चललंस गो?’ विचारलं तर ‘पालकसभेक’ म्हणा. दुसऱ्या दिवशी तोच स्कर्ट घालून पिशवी घेऊन निघा. परत विचारलं तर सांगा, ‘बाजाराक.’